जास्तीचा लोड

एसएमपीएस, म्हणजे कॉम्प्युटरला वीज पुरवणारा डबा, घ्यायचा तर त्यावरचा आकडा वाचत बसायचं नाही, उचलून पाहायचा. वणीत कॉम्प्युटरचं दुकान टाकल्यापासून मी गिऱ्हाइकांना हेच सांगत आलो. आत तांबं-लोखंड असेल तर हाताला कळतं. ज्याला वजन नाही त्यावर माझा विश्वास नाही.

मुकुटबनच्या फोटो स्टुडिओवाल्या संघदीपने आणलेला एसएमपीएस मी दोन बोटांनी उचलला. त्याला रंगीत दिवे होते आणि वर भलामोठा आकडा.

"यात वारा भरला आहे का रे?"

"इंद्रजितभाऊ, हजार वॅट लिहिलं आहे त्याच्यावर."

"माझ्या पाटीवर 'योग्य दर' लिहिलं आहे. तू मानतो का?"

तो हसला, पण लक्ष दुसरीकडेच होतं. बोंडअळीने कापूस खाल्ला ते साल. लोकांनी जेवणावळी कमी केल्या, पण लग्नाचा व्हिडिओ सिनेमासारखाच हवा. म्हणून याने मशीनमध्ये दोन ग्राफिक्स कार्डं घातली होती. काम सपाट्याने चालायचं आणि एका जागी मशीन बंद पडायचं. नेमकं मामेबहिणीच्या, दीपमालाच्या लग्नाच्या व्हिडिओत.

दीपमालाचे वडील, डोमाजी, लग्नाआधी फवारणीच्या हंगामात औषधाची विषबाधा होऊन गेले. मंडपात पहिल्या रांगेत त्यांची खुर्ची तशीच ठेवली होती, पाठीवर त्यांचा पांढरा दुपट्टा. संघदीपने एका जुन्या फोटोतून त्यांना कापून त्या खुर्चीत बसवलं होतं. प्रभावतीमामीला त्याने तसा शब्द दिला होता. माहेरपणाला आलेली दीपमाला आज सासरी परतणार होती, आणि बाप लग्नाला बसलेला दाखवणारा व्हिडिओ तिच्यासोबत जायला हवा होता.

"त्रिशरण सुरू होते, खुर्ची येते, अन् बंद," संघदीप म्हणाला.

मी हिशेब मांडला. दोन कार्डं, प्रोसेसर, डिस्क, पंखे, वर थोडी मोकळीक. साडेसातशेचा, हाताला जड लागणारा एसएमपीएस बसवला. कोळशाची धूळ ब्लोअरने उडवली. प्लगमध्ये वॅटमीटर लावला आणि काम सुरू केलं.

मीटर माझ्या हिशेबात चाललं होतं. पडद्यावर त्रिशरण आलं. खुर्ची आली. आकडा वर चढला, अजून चढला, आणि मशीन गप्प.

"तिसरं कार्ड लपवलं आहे का कुठं?"

"कायले लपवू? तुम्हीच पाहा ना उघडून."

मी एक कार्ड काढून टाकलं. काम हळू झालं, पण खुर्चीशी आकडा तेवढाच चढला. डोमाजींना व्हिडिओतून काढायला लावलं. खुर्ची आली, गेली; मीटर हललं नाही. परत बसवलं. परत चढलं.

मागच्या जाळीतून गरम हवा येत होती. तिला फवारणीच्या औषधाचा वास होता.

"आला का तुमच्या नाकाले?" संघदीपने हळूच विचारलं.

"शेताकडची धूळ असते तुमच्या मशीनमध्ये," मी म्हटलं. होती ती कोळशाची, आणि तीही मीच उडवली होती.

तेवढ्यात प्रभावतीबाई जीपमधून उतरल्या. हातात पिशवी, डोळे थेट पडद्याकडे. मी गिऱ्हाइकांची लाल प्लास्टिकची खुर्ची पुढे केली. त्या बसल्या.

"झालं का रे? पोरगी तयार होऊन बसली आहे."

"होते, मामी."

मग मी वरच्या फळीवरचा एसएमपीएस काढला. खाण ऑफिसच्या ऑर्डरचा, बाराशेचा. दोन्ही हातांनी उतरवावा लागला. दोन्ही कार्डं जोडली. म्हटलं, आता काय मागायचं ते माग.

त्रिशरण. खुर्ची.

आकडा चढला. माझ्या हिशेबाच्या पुढे गेला आणि एका जागी थांबला.

मशीन बंद पडलं नाही. वासाने डोळ्यांना पाणी आलं.

प्रभावतीबाई खुर्चीवरून उठल्या. पदर सावरून बाजूला, भिंतीशी उभ्या राहिल्या.

काम पूर्ण झालं. संघदीपने व्हिडिओ लावला. मंडप, पांढरे कपडे, पहिली रांग. खुर्चीच्या पाठीवर दुपट्टा होता. खुर्ची रिकामी होती.

"असं कसं? मी तं बसवलं त्याइले," तो म्हणाला. त्याने पुन्हा माउस धरला. "थांबा मामी, पुन्हा करतो."

"नको. राहू दे रिकामी. पोरीले सांगते मी."

त्या पडद्याकडे पाहत नव्हत्या.

"बसा ना बाई," मी म्हटलं. "काहून उठल्या?"

"मी कुठं बसू आता?"

संघदीपने वायरी गुंडाळल्या. मशीन उचलून जीपमध्ये ठेवलं. प्रभावतीबाई पायरीशी थांबल्या, मागे वळल्या.

"येते," म्हणाल्या. माझ्याकडे बघून नाही.

जीप गेली. मी लाल खुर्ची आत ओढायला वाकलो आणि तसाच राहिलो. त्या खुर्च्या स्वस्तातल्या. भारी माणूस बसला की मागचे पाय बाहेर फाकतात, उठला की परत जागेवर येतात.

ते फाकलेले होते.