बशीतली पांढरी पूड

प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडम टेबलापाशी मृतावस्थेत पडल्या होत्या. अंगावर साधा ओरखडाही नव्हता.

"हृदयविकार असावा," पोलिसांना फोन करणारा त्यांचा मदतनीस म्हणाला. "मी आलो तेव्हा दार सताड उघडं होतं. केव्हाचा बसलोय त्यांच्यापाशी."

खोली कसली, बिनखिडकीचं कपाटच! इन्स्पेक्टरबाईंनी नजर फिरवली. दाराला बाहेरून कडी, भिंतीवर नायट्रोजनचा नळ, खुंटीवर बाहेरून आलेली हवेची नळी जोडलेला मास्क. वजनकाट्याशेजारी उघड्या बशीत पांढरीशुभ्र पूड. बाईंनी बशीला हात घातला.

"हलवू नका! ज्यानं मोजलं त्यानंच उचलायचं, असा नियम आहे इथे."

"आहे काय हे?"

"मेंदूचं औषध." त्याचा चेहरा उजळला. "ऑक्सिजनच्या माऱ्यानं मेंदूच्या पेशी खराब होतात. ही पूड तो मारा स्वतःवर झेलते. रुग्णांवर प्रयोग चालू आहे. माझी आईही त्यात आहे. हल्ली ती मला ओळखत नाही, पण ओळखेल."

"आणि नायट्रोजन?"

"साध्या हवेत पूड बघता बघता तांबडी होते. म्हणून खोलीत नायट्रोजन भरायचा आणि त्यात श्वास घेता येत नाही, तेव्हा मास्क लावून मोजायचं."

बाईंच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. त्यांनी बाहेर जाऊन संस्थेच्या संचालकांना फोन लावला. परत येऊन बशीत पाहिलं. पूड तांबूस होऊ लागली होती.

"दार केव्हाचं उघडं असतं, तर ही आधीच तांबडी झाली असती," बाई म्हणाल्या. "म्हणजे आमची गाडी येईपर्यंत खोलीत नायट्रोजन होता. मग मॅडमचा मास्क खुंटीवर कसा? तुम्ही बाहेरून हवा तोडली, कडी घातली. जीव घुसमटल्यावर त्यांनी तो ओरबाडून काढला. गाडीचा आवाज ऐकून तुम्ही दार उघडलंत, मास्क टांगलात. बशी मात्र नियमामुळे तशीच राहिली."

तो एकदम ओरडला, "त्या आज औषध बंद करणार होत्या! माझी आई गेली असती!"

"औषधानं रुग्णांचं बिघडतंय, म्हणून बंद करणार होत्या. संचालकांनी आत्ताच सांगितलं. जितकं औषध जास्त, तितकी स्मृती लवकर जाते."

त्याची नजर बशीकडे गेली.

"मी महिनाभर तिला चोरून दुप्पट देतोय," तो पुटपुटला. "तेव्हापासूनच ती मला..."

बाईंना त्याचा संताप आला आणि कीवही आली.

"आत्ता घरी तिच्यापाशी कोण आहे?"

"कुणी नाही. मीच असतो."