तिसऱ्या टेबलाचा मेनू

तो खरे तर प्रमुखबाईंच्या संगणकाचा घरघरणारा पंखा बदलायला आला होता. बियाणे तपासणाऱ्या त्या लांबट खोलीत ओल्या टीपकागदाचा गंध भरून राहिला होता. खिडकीपाशी अंकुरांच्या थाळ्या मांडल्या होत्या, आणि तिसऱ्या टेबलाशी बसलेली तपासनीस आपल्या संगणकालाच विचारत होती, “कुठे दडून बसलायस रे?”

“कोण?” त्याने अभावितपणे विचारले... आणि कानाच्या पाळीपर्यंत लाल झाला.

अंकुरांची लांबी मोजणारा तिचा प्रोग्राम सापडत नव्हता. खोलीतल्या तिन्ही संगणकांवर लिनक्स ही एकच प्रणाली होती, पण डेस्कटॉप, म्हणजे पडद्यावरची मांडणी, निरनिराळी. एकावर तो प्रोग्राम मेनूतल्या ‘विज्ञान’ गटामध्ये दिसे, दुसऱ्यावर ‘चित्रां’मध्ये, आणि इथे ‘इतर’च्या अडगळीत. प्रमुखबाई म्हणजे तिची सख्खी मावशी. सूक्ष्मदर्शकावरून डोळा न काढता मावशी म्हणाली, “एका घरात तीन चुली. आणि मीठ प्रत्येकीचं वेगळ्या डब्यात.”

तिन्ही मेनू सारखे करण्याचे काम त्याच्याकडे आले, आणि पंख्याचे सगळेच विसरले. दर गुरुवारी तो येऊ लागला. प्रत्येक प्रोग्रामसोबत एक छोटीशी फाइल असते, तिच्यात त्याचे नाव, चित्र आणि गट लिहिलेला असतो. गट सर्वमान्य पद्धतीने लिहिला, की कोणताही डेस्कटॉप त्याला योग्य जागी बसवतो — हे तो हळू आवाजात समजावी, आणि ती हनुवटीखाली हात घेऊन ऐके. ऐके, की नुसतीच त्याच्या बोटांकडे पाही, हे विचारण्याचे धैर्य त्याच्यापाशी नव्हते. खिडकीच्या काचेवरून पाऊस ओघळत असला, की त्याचे मन उगाच जड होई. काम नीट केले तर ते संपणार. आणि संपले, की या खोलीत येण्याला निमित्त उरणार नाही.

दोन टेबलांचे मेनू एकसारखे झाले. तिसऱ्याला हात न लावताच, “झालं,” असे पुटपुटून तो निघाला. आयुष्यातली त्याची ती पहिली कामचुकारी.

मग बरेच दिवस त्याने फोनची वाट पाहिली. अखेर तो आला. तिचाच. “माझ्या टेबलाचं राहिलंय. येता?”

तो धावतच गेला. मेनू उघडला, आणि पाहतच राहिला. मोजणीचा प्रोग्राम ‘विज्ञान’मध्ये होता. बाकीचेही आपापल्या जागी.

“हे तर... झालेलं आहे.”

“मीच केलं. तुम्ही गेलात त्याच संध्याकाळी. इतकं समजावलंत, दगडालाही जमलं असतं.”

“मग फोन—”

“आधी तुम्ही सांगा. दोन टेबलं चोख, आणि माझंच कसं राहिलं?”

त्याने थाळीतल्या अंकुरांकडे पाहिले. सगळे एकाच दिशेला, उजेडाकडे झुकलेले.

“राहिलं नाही,” तो म्हणाला. “ठेवलं होतं. परत यायला काहीतरी... हवं होतं.”

शेजारची खुर्ची तिने पायानेच थोडी जवळ ओढली, आणि तो बसला.

“अहो,” पलीकडून मावशीचा आवाज आला, “माझा पंखा अजून घरघरतोय. तो बदलायचा विचार आहे का?”

तो चटकन उठू लागला. तिने त्याच्या बाहीचे टोक धरले.

“त्याची घाई नाही, मावशी,” ती म्हणाली. “त्यासाठी ते पुढच्या गुरुवारी येतील.”