अडकलेलं अर्थशास्त्र

कल्पिता भोईर मानपाडा रोडच्या कडेला शांतपणे उभी होती. एका हातात पांढरी काठी, दुसऱ्या हातात डबा. मीराबाई किल्ली घेऊन आल्या की दोघी मिळून मागच्या इमारतीतलं ब्रेल छपाई केंद्र उघडायच्या, हा रोजचा नेम. तेवढ्यात कुणीतरी तिचा दंड धरला, "या, या, रिक्षा थांबल्यात," आणि बघता बघता तिला रस्त्यापलीकडे नेऊन ठेवलं.

"मना नाय जायाचं होतं पलीकडं," ती म्हणाली. दचकली की तिच्या तोंडून घरची आगरी बोली निघायची.

हात चटकन सुटला. "सॉरी... मला वाटलं—"

"विचारलं असतंत तर वाटायची वेळ आली नसती."

तो म्हणाला, "तुम्ही 'मना' म्हणालात. आमच्या घरी पण तसंच बोलतात. आम्ही ठाण्याचे, ईस्ट इंडियन ख्रिस्ती. मी ज्यूड परेरा." आणि जरा चाचरत, "इथे ब्रेल छपाई केंद्र कुठे आहे, माहितीये?"

"तुम्ही मला जिथून उचलून आणलंत ना, तिथेच."

परतताना त्याने विचारलं, "हात धरू?"

"नको. मी तुमचं कोपर धरते. चालायला ते बरं पडतं."

कोपर बारीक होतं, शर्टाला नुकत्याच केलेल्या इस्त्रीचा वास होता, आणि तो माणूस खड्डा दिसला की आधी स्वतः अडखळत होता. कल्पिताला हसू आवरेना.

कल्पिता त्या केंद्रात मुद्रितशोधक होती. छापून आलेल्या पानांवरून बोटं फिरवायची आणि चुका टिपायच्या. शाळा-कॉलेजं वेबसाइटवर मजकूर टाकत, मग सर्व्हरवरची स्क्रिप्ट ब्रेल तयार करणारा एक वेगळा प्रोग्राम सुरू करी, आणि पानं मशीनवर उमटत. पण गेले पंधरा दिवस स्क्रिप्ट त्या प्रोग्रामला हाक मारायची आणि तिथेच बसून राहायची. चूकही दाखवायची नाही, पुढेही सरकायची नाही. सगळीच पुस्तकं अडकत होती असंही नव्हतं... काही सुटायची, काही लटकायची. ते दुरुस्त करायला ज्यूड आला होता.

"गंमत बघा," सोमवारी दुपारी तो म्हणाला, "तोच प्रोग्राम मी हाताने चालवला तर सुतासारखा चालतो. सर्व्हरने चालवला की बसला."

"तुमच्यासमोर लाजत असेल."

"माझ्यासमोर कोणी लाजत नाही. उलट ओरडतात. आज सकाळीच एकीने रस्त्यात झापलं."

कल्पिताने मान खाली घातली, पण तिची बोटं समोरच्या एकाच ओळीवरून तीनदा फिरली आणि एक अक्षर वाचलं असेल तर शपथ.

मंगळवारी त्याने तिचा फोन ऐकला. फोन तिला मेसेज वाचून दाखवत होता, नेहमीच्या सुसाट वेगात.

"हे काय बोलतंय? मला एक शब्द कळला नाही."

"तुमच्यापेक्षा स्पष्ट बोलतंय. तुम्ही प्रत्येक वाक्य अर्ध्यात सोडता."

"कारण तुम्ही... म्हणजे, तुमच्याशी बोलताना जरा—"

"बघा. सोडलंत."

कोपऱ्यात पुस्तकांना खळ लावत बसलेल्या मीराबाई खोकल्या. त्यांना खोकला नव्हता.

बुधवारी त्याने परवानग्या तपासल्या, मेमरी तपासली, सर्व्हर दोनदा बंद करून चालू केला. दुखण्याचं मूळ काही सापडेना. आणि बुधवारी संध्याकाळीच कल्पिताला ते सापडलं.

कुठलं पुस्तक सुटलं, कुठलं अडकलं, याची ती ब्रेलमध्ये नोंद ठेवायची. सुटलेल्या पुस्तकांच्या प्रुफांत तिला एकच चूक पुन्हा पुन्हा लागली होती: 'डॉक्टर'मधल्या 'डॉ'वरचा चंद्र गायब, 'ऑफिस'मधला गायब. परीकथांत असे शब्द दोन-चार. अडकलेल्यांत होती वाणिज्याची पुस्तकं, पानोपानी बँक आणि कॉलेज, म्हणजे पानोपानी चंद्र. त्या प्रोग्रामला चंद्र कळत नव्हता. जिथे चंद्र फार, तिथे तो बसत होता.

ती ताडकन उठली. "ज्यूड," म्हणायला तोंड उघडलं... आणि मिटलं. सांगितलं की काम होणार. काम झालं की ठाण्याचा माणूस ठाण्याला. ती परत खाली बसली.

गुरुवारी तिने सांगितलं नाही. गुरुवारी त्याने आईने केलेले तांदळाचे पोळे आणले होते, आणि खाताना दोघांनी आपापल्या आज्यांच्या शिव्या जुळवून पाहिल्या. निम्म्या सारख्या निघाल्या. इतका छान दिवस तिच्या वाट्याला कित्येक महिन्यांत आला नव्हता.

शुक्रवारी दुपारी फोन आला. विठ्ठलवाडीहून समृद्धी, बारावीतली मुलगी.

"ताई, माझं अर्थशास्त्र झालं का? मंगळवारी पेपर आहे. मैत्रीण वाचून दाखवते, पण तिचाही अभ्यास आहे ना... मग मी सारखं सारखं सांगत नाही."

कल्पिताचे कान गरम झाले. "उद्या देते," ती म्हणाली आणि फोन ठेवला. मग खुर्ची ज्यूडच्या दिशेने वळवली.

"चंद्रामुळे अडकतंय," ती म्हणाली, आणि सगळं सांगितलं.

कीबोर्ड खडखडला. मग त्याचा आवाज आला, हळू. "अरे देवा. हाताने चालवताना स्क्रीनवर ओळी धावायच्या, 'हे अक्षर कळलं नाही' म्हणून. मी किरकोळ म्हणून सोडून दिल्या. स्क्रिप्टने चालवलं की त्या तक्रारी एका नळीत साठतात, आणि स्क्रिप्ट त्या वाचतच नाही. नळी भरली की प्रोग्राम थांबतो, कोणीतरी वाचेल म्हणून. स्क्रिप्ट थांबलेली असते, प्रोग्राम संपेल म्हणून."

"म्हणजे दोघं एकमेकांसाठी खोळंबलेत."

"पंधरा दिवस."

दहा मिनिटांत त्याने स्क्रिप्टला तक्रारी वाचायला लावलं, प्रोग्रामला चंद्र शिकवला. मशीन खडखडायला लागलं आणि जाड कागदावर अर्थशास्त्र उमटू लागलं.

"तुम्हाला हे कधी कळलं?" त्याने विचारलं.

खोटं बोलणं सोपं होतं. "बुधवारी."

"बुधवारी? आज शुक्रवार. का नाही सांगितलं?"

"सांगितलं असतं तर..." आता तिचंच वाक्य अर्ध्यात राहिलं. तिने ते ओढून पुरं केलं. "तर तू गुरुवारी आला नसतास."

मशीन चालू होतं. बाकी काहीच ऐकू येत नव्हतं. ना खुर्ची, ना श्वास. मीराबाईसुद्धा खोकल्या नाहीत.

"ज्यूड, तुझा चेहरा मला कळत नाही," ती म्हणाली. "जे असेल ते तोंडाने सांग."

"रागावलोय," तो म्हणाला. "थोडा. त्या मुलीचे दोन दिवस गेले."

"माहितीये. त्याची लाज वाटते मला. उद्या मी स्वतः नेऊन देणार आहे, आणि तिला खरं सांगणार आहे."

"आणि... हसतोय. जास्त." त्याने खुर्ची जवळ ओढली. "कल्पिता, हा सर्व्हर कुठूनही उघडतो. घरी गादीवर बसून हे काम होतं. सोमवारी एकदा बघायला यायचं होतं, बस. तरी रोज ठाण्याहून इस्त्री करून येतोय."

मीराबाई उठल्या. "मी चहाचं बघते," म्हणाल्या, आणि दार ओढून घेऊन गेल्या.

"मग माझ्यावर कशाला रागावलास?" कल्पिता म्हणाली. ओठ आवरत नव्हते.

"सांगितलं ना, थोडाच."

शनिवारी बांधलेलं पुस्तक घेऊन दोघं विठ्ठलवाडीला गेले. कल्पिताने समृद्धीला खरं कारण सांगितलं, एक शब्द न गाळता, आणि माफी मागितली. समृद्धीने पहिलं पान चाचपलं, 'बँक'वर बोट थांबवलं, आणि म्हणाली, "ताई, माफ करते. पण सोमवारपर्यंत दोघांनी येऊन माझी उजळणी घ्यायची."

जिना उतरताना ज्यूड म्हणाला, "मला अर्थशास्त्रातलं ओ की ठो कळत नाही."

"मग नको येऊस."

"उद्या किती वाजता यायचं?"

"दहाला," कल्पिता म्हणाली. रस्त्यावर आल्यावर या वेळी तिने त्याचं कोपर सोडून हात धरला, आणि रस्ता सपाट होता तरी तो पुन्हा अडखळला.