गावनकाशातली खाडाखोड

माझ्याकडे एकशे त्रेचाळीस नकाशे आहेत. भूगोल शिकवून निवृत्त झालो तेव्हा शाळेनं शाल-श्रीफळ दिलं. मी मात्र स्टाफरूमच्या माळ्यावरचे, उंदरांनी कुरतडलेले भिंतीवरचे नकाशे मागून घेतले. बाकीचे जालन्याच्या रद्दीवाल्यांकडून जमवले. लोक विचारतात, गुरुजी, सगळं फोनमध्ये असताना हा पसारा कशाला? मी सांगतो, फोनच्या नकाशात आपण कायम मधोमध असतो. कागदावर स्वतःला शोधावं लागतं, आणि सापडलं की बरं वाटतं.

माझ्या पोटात दुखायचं ते बद्रीनाथच्या एका नकाशामुळे.

बद्रीनाथ निवृत्त मोजणीदार. आमच्याच कुंभार पिंपळगावात, माझ्या घरापासून दोन गल्ल्या पलीकडे राहायचा. बायको वारल्यापासून एकटाच. त्याच्याकडे गावाचा निजामाच्या वेळचा नकाशा होता, मांजरपाटावर चिकटवलेला. घडी उलगडली की जुन्या खळीचा वास यायचा. विहिरी निळ्या, वाटा तपकिरी, घरं म्हणजे काळे चौकोन. आल्यागेल्याला तो एका चौकोनावर बोट ठेवून दाखवायचा.

"हे आमचं घर. आज्यानं बांधल्यालं." मग माझ्याकडे वळून हसायचा. "गुरुजी, तुमच्या जागेवर तवा नुस्ता उकंडा होता."

लोक हसायचे. मीही हसायचो. माझे वडील या गावात नंतर आले हे खरंच होतं; पण त्या दिवशी घरी जेवण गोड लागायचं नाही.

तो नकाशा बद्रीनाथ कुणाला देत नसे. गेल्या फेब्रुवारीत शाळेच्या प्रदर्शनाचं निमित्त सांगून मी तो मागितला. प्रदर्शन वगैरे काही नव्हतं.

"तुम्ही म्हणून देऊन राह्यलो," तो म्हणाला. "उद्या सांजच्याला बराबर आणा. आन् एक ध्यानात ठिवा, नकाशावर कधी खरडायचं न्हाई."

"मी कशाला खरडू?"

"सांगून ठिवलं. आमच्या मोजणीत चूक झाली तर लाल शाईनं रेघ मारायची, बाजूला सही करायची. म्हंजे पयले काय होतं आन् कुणी खोडलं, ते दिसत राहतं. खरडलं की काहीच राहत न्हाई."

दुसऱ्या दिवशी दुपारभर बसून मी ट्रेसिंग पेपरवर नक्कल काढली. एकेक वाट, एकेक बांध. शेवटी माझ्या घराच्या जागी बारीक चौकोन काढला. नक्कल झकास झाली होती, अगदी अस्सलच्या तोडीची.

पण नक्कल ती नक्कलच. अस्सलमध्ये त्याचं घर होतं आणि माझं नव्हतं. मी उठलो आणि दाढीचं ब्लेड घेऊन आलो.

त्याच्या चौकोनाची शाई जुनी होती, पापुद्र्यासारखी सुटली. फुंकर मारली. खाली कोरा, जरा खरखरीत कागद उरला. वाईट वाटलं का? खरं सांगतो, फार दिवसांनी बरं वाटलं.

संध्याकाळी नकाशा परत केला. त्यानं तो उलगडलाही नाही, तसाच कपाटात ठेवला आणि मला चहा पाजला.

पुढच्या दिवशी जेवणं झाली तरी मला चैन पडेना. कबुली द्यायला नाही, त्यानं पाहिलं की नाही हे बघायला मी निघालो.

गल्लीच्या टोकाला घर नव्हतं.

पडलेलं नव्हतं, पाडलेलंही नव्हतं. विटा नाहीत, माती नाही. दोन बाभळी, वाळलेलं गवत आणि चरणाऱ्या शेळ्या. मधली जमीन तेवढी जरा खरखरीत दिसत होती.

समोर द्वारकाबाईचं किराणा दुकान. तिला विचारलं, "बद्रीनाथ कुठं गेला?"

"कोन बद्रीनाथ?"

"मोजणीवाला. इथं घर होतं ना त्याचं."

"इथं?" ती माझ्याकडे बघत राहिली. "लगीन होऊन आल्ते तवापासून मोकळंच हाय की हे. उन्हाचं फिरू नका, गुरुजी."

फोनमध्ये पाहिलं, त्याचा नंबरही उरला नव्हता. आता लाजेची गोष्ट सांगतो. माझ्या मनात पहिला विचार आला तो बद्रीनाथचा नाही. नकाशा कुठे गेला, हा आला.

धापा टाकत घरी आलो. कपाटातून नक्कल काढून टेबलावर पसरली. तिच्यात त्याचा चौकोन होता. काळा, स्वच्छ, चारही कोपरे जागेवर. म्हणजे मला वेड लागलं नव्हतं. हायसं वाटलं.

मग माझ्या चौकोनाकडे नजर गेली.

त्यावर लाल शाईची रेघ होती. पट्टी धरून मारलेली.

शेजारी बद्रीनाथची तिरकी सही. खाली त्याच दिवसाची तारीख.

मी बोट लावलं. शाई ओली होती.

"शिवकन्या!" मी बायकोला हाक मारली.

ती स्वयंपाकघरात चहा करत होती. वळली नाही. मी दारात जाऊन उभा राहिलो, अगदी दोन हातांवर. पुन्हा हाक मारली.

ती कप घ्यायला वळली. सकाळी तिच्या कपाळावर कुंकू होतं. आता नव्हतं.

तिनं फळीवरून दोन कप काढले. दोन्हींत चहा गाळला. मग थबकली.

"सवय जात न्हाई," ती स्वतःशीच म्हणाली, आणि माझा कप पातेल्यात परत ओतला.