मावशीची उंच कॉट

भुताखेतांवर माझा विश्वास नाही, हे आधीच सांगते. पण ही गोष्ट माझ्या सख्ख्या मावशीच्या घरात घडलीय. ताईने, म्हणजे माझ्या मावसबहिणीने, माझा हात घट्ट धरून सांगितलीय. ताई थापा मारणाऱ्यांतली नाही. आणि हे रात्री-बेरात्री घडलेलं नाही... भर दुपारी, घराच्या मागच्या खोलीत, खिडकीतून लख्ख ऊन येत असताना घडलंय.

मावशीला जाऊन तेव्हा वर्ष होत आलं होतं.

काका हाडाचे सुतार. मावशीचे पाय गेले, ती अंथरुणाला खिळली, तेव्हा त्यांनी तिच्यासाठी स्वतःच्या हातांनी एक उंच कॉट बनवली. रोज दुपारी ते तिला उचलून खिडकीपाशी खुर्चीत बसवायचे. उचलण्याआधी कॉटच्या कडेवर बोटाने दोनदा ठोकायचे.

टक्... टक्.

म्हणजे, तयार राहा. मावशी श्वास धरायची आणि काका उचलायचे.

"नुसतं पोतं झालंय," ते म्हणायचे.

"मग टाका की खाली," ती म्हणायची.

असं बरेच दिवस चाललं. मग मावशी गेली आणि काकांची पाठही गेली. मणक्याचं ऑपरेशन ठरलं.

"जन्मभर लाकडात स्क्रू पिळले, आता हे डॉक्टर माझ्यात पिळणार," काका म्हणाले. "निदान भोक तरी सरळ पाडा म्हणावं!"

ताईने कंबर कसली. वाकायला लागू नये म्हणून खालच्या फळीवरचे डबे कमरेच्या उंचीला आणले. पाय अडकू नये म्हणून पायपुसणी उचलली. संडासात धरायला दांडी बसवून घेतली. दवाखान्याची पिशवी भरली. घोडं अडलं ते पलंगापाशी. काकांचा पलंग बुटका, आणि डॉक्टरांनी खाली बसायला साफ मनाई केलेली. ताईने मागच्या शेडमधून मावशीची कॉट काढली.

"ती नको," काका म्हणाले.

"का? उंची अगदी बरोबर आहे."

"ती तिची आहे गं."

"बाबा, आता ती कुठे येणार आहे झोपायला?"

बोलून गेली आणि ताईने जीभ चावली. शेवटी कॉट मागच्या खोलीत लागली.

ऑपरेशन छान झालं. घरी सोडताना डॉक्टरांनी पुन्हा पुन्हा बजावलं, "मिस्त्री, वजन उचलायचं नाही. पाण्याची बादलीसुद्धा नाही. नाहीतर पाय कायमचे जातील."

घरी आल्यावर उठणं म्हणजे दिव्य. आधी कुशीवर वळायचं, मग पाय खाली सोडायचे, मग कोपरावर जोर द्यायचा. ताई धरायची तरी काका कळवळायचे.

एका दुपारी ताई स्वयंपाकघरात भांडी पुसत होती.

टक्... टक्.

बाबा बोलावतायत, असं वाटून ती धावत गेली. काका कॉटच्या कडेला बसलेले होते. एकटे. कळवळणं नाही की काही नाही. फक्त डोळ्यांतून धारा लागलेल्या.

"हाक मारायची ना! एकटे कसे उठलात?"

"मी कुठे उठलो..." काका म्हणाले. "तिने ठोकलं. मी श्वास धरला."

गोळ्यांचा अंमल असेल, ताईने मनाची समजूत घातली.

पण रोज तेच. ताई खोलीत असली की सगळं शांत. ती बाहेर गेली की...

टक्... टक्.

शेवटी ती दाराच्या फटीशी उभी राहिली. काका उताणे पडलेले. दोन्ही हात पोटावर.

आवाज झाला... काकांच्या हातांची बोटंही हलली नाहीत.

मग त्यांचे खांदे उशीवरून हळूहळू वर आले. कुणीतरी खालून हात घातल्यासारखे.

 भीतीपेक्षा ताईच्या मनाला दुसरंच काहीतरी लागलं. ती मला म्हणाली, "आई आली होती गं. माझ्या घरात. आणि माझ्यासमोर येत नव्हती."

काका सुधारू लागले, तसा आवाज क्षीण होत गेला. एखादा दिवस चुकायचा. मग दोन-दोन दिवस. काकांनी व्यायामच सोडला.

"बरं व्हायचं नाही का तुम्हाला?" ताई चिडली.

"बरा झालो, तर ती कशाला येईल?"



पुढे आठवडाभर काहीच ऐकू आलं नाही. त्यानंतरच्या दुपारी ताई औषधं घेऊन परतली... आणि तिने खोलीच्या दारातूनच तो आवाज ऐकला.

टक्... टक्.

या वेळी ठोकत होते काका. कॉटवर वाकून उभे. कॉट रिकामी होती, पण गादीवर कुणी झोपल्यासारखा खळगा पडला होता.

"श्वास धर," ते म्हणाले आणि त्यांनी दोन्ही हात खाली घातले.

ताईने डोळ्यांनी पाहिलं... गादीवरचा खळगा सावकाश भरून वर आला. काकांच्या दंडांवरच्या शिरा ताठ फुगल्या. गुडघे लटपटले. एकेक पाऊल टाकत ते खिडकीपाशी गेले आणि रिकामे हात खुर्चीत ठेवले.

खुर्ची करकरली.

"हलकी झालीस गं," काका म्हणाले. आणि तिथेच कोसळले.

एक्स-रे बघून डॉक्टर भडकले. "स्क्रू सरकलाय! खरं सांगा मिस्त्री, काय उचललंत? माणसाएवढं वजन असल्याशिवाय असं होत नाही."

 काका छताकडे बघत म्हणाले, "तिला ऊन हवं होतं."

आता दुसरं ऑपरेशन आहे. पाय राहतील की नाही, डॉक्टर सांगत नाहीत. काका दवाखान्यात आहेत. मी ताईला म्हटलं, "ती कॉट मोडून टाक आधी. जळो ती."

ताईने नकारार्थी मान हलवली.

"काल मीच जाऊन पडले तिच्यावर," ती म्हणाली. "श्वास धरला. दोनदा ठोकूनही पाहिलं. नाही आली गं."

 त्या खोलीत पाऊल टाकायची हिंमत मला अजून होत नाही, आणि ताई रोज दुपारी तिथेच असते.