बोंबलांची सावली

मनोरीच्या धक्क्याला ओहोटी लागली होती. मार्व्याहून आलेल्या होडीतून एक तरुण उतरला आणि त्याची एक चप्पल चिखलातच रुतून बसली. मी डोक्यावरची टोपली खाली ठेवून ती ओढून काढली.

"उन्हावरचा दिवा कुणाकडे आहे?" चप्पल हातात घेऊन त्याने विचारलं.

"आमच्याकडे. पण टिकत नाही."

"म्हणून तर आलो ना!"

तो श्यामकांत, बोरिवलीचा. त्याच्या कंपनीने आमच्या छपरावर पॅनेल बसवलं होतं. दिवसभर बॅटरी भरायची आणि संध्याकाळी पडवीत ट्यूब लागायची. तिच्या उजेडात आम्हा बायकांचा अक्षरवर्ग चाले. एकोणिसाव्या वर्षी मी नुकती माझं नाव लिहायला लागले होते — सुगंधा. आणि आता ट्यूब चार मिनिटांत विझत होती. रेशनचं रॉकेल स्टोव्हलाच पुरत नसे. रविवारपर्यंत दुरुस्ती झाली नाही, तर कंपनी सगळा संच काढून दुसऱ्या गावाला देणार होती. मग कसला वर्ग?

श्यामकांत दोनदा सकाळी येऊन गेला. बॅटरीवरची पांढरी बुरशी खरवडली, तिच्यात पाणी भरलं, वायरी आवळल्या. मीटरचा काटा टुणकन उजवीकडे गेला.

"पॅनेल ठणठणीत आहे यार! मग बॅटरी का भरत नाही?"

मी शिडी धरून खाली उभी. "काटा उजवीकडे म्हणजे काय?"

"ऊन कामाला लागलंय."

"आणि दुपारी?"

"दुपारी... मी परतीच्या होडीत असतो."

"मग दुपारचं कोण बघतं?"

तो शिडीवरून माझ्याकडे बघतच राहिला. "तू बघशील? आकडे येतात?"

"नाव येतं, तर आकडे येणार नाहीत?"

जाताना तो मीटर जोडून ठेवून गेला. दुसऱ्या दिवशी मी दर तासाला पाटीवर आकडा लिहिला. अकराला दोन, बाराला दोन... एकला अर्धा! आभाळ तर निरभ्र. मी शिडीवर चढले. माझ्या वहिनीने दसऱ्यानंतर बोंबील वाळवायला छपराशेजारी बांबूंची नवी उंच वलांडी बांधली होती. तिच्यावरच्या बोंबलांची सावली पॅनेलभर पसरली होती.

रविवारी श्यामकांत संच काढायला गोणपाट घेऊनच आला. मी पाटी पुढे केली. त्याने आकडे वाचले, वर पाहिलं आणि पोट धरून हसला.

"बोंबलांनी वाट लावली की!"

"आणि तुम्ही बॅटरीला शिव्या देत होतात."

आम्ही दोघांनी मिळून वलांडी हलवली. बांबू आवळताना त्याचा हात माझ्या हाताला लागला... दोघांनीही तो लगेच काढला नाही.

धक्क्यावर तो म्हणाला, "परत बिघडलं तर कार्ड टाक."

"आणि नाही बिघडलं तर?"

तो काहीतरी बोलणार होता — तेवढ्यात होडीवाल्याने हाक मारली.

त्यानंतर ट्यूब रोज वर्ग संपेपर्यंत लख्ख जळायची. आठ दिवस मी तिच्याकडे रागाने बघितलं. नवव्या दिवशी तिच्याच उजेडात आयुष्यातलं पहिलं कार्ड लिहिलं:

"दिवा चांगला आहे. तरी या."

पुढच्या रविवारी तो होडीतून उतरला. या वेळी दोन्ही चपला हातात होत्या आणि हत्यारांची पिशवी कुठेच नव्हती.

"आता काय बिघडलं रे?" वहिनीने विचारलं.

"काही नाही, वहिनी," तो माझ्याकडे बघत म्हणाला. "सुगंधाला मागायला आलोय."