काच नको म्हणाली होती

भुतं रात्रीच येतात असं ज्यांना वाटतं, त्यांनी हे वाचू नये.

देवाला स्मरून सांगते, यात पदरचं एक अक्षर नाही. मागच्या थंडीतला बुधवार. भर दुपार. जागा, माझ्या मावशीचं तसबिरी मढवायचं दुकान.

मावशीची आणि माझ्या आईची थोरली बहीण अक्का. तिने दोन वर्षं खपून जाळीच्या कापडावर लोकरीने एक उघडी खिडकी भरली. शेवटचा टाका घातला आणि पंधरा दिवसांत न्युमोनियाने गेली.

अक्काचे यजमान, म्हणजे मावशीचे भाऊजी, रविवारी मुलाकडे कायमचे राहायला निघणार होते.

"बाकी सामान राहिलं तरी चालेल," ते म्हणाले होते, "तेवढी खिडकी दे."

अक्काने जाता जाता बजावलं होतं, "काच लावू नकोस गं. काचेमागचं काम म्हणजे कुलपातलं बिस्किट."

मावशीने ते हसण्यावारी नेलं. उघड्या लोकरीवर धूळ बसते, कसर लागते. तीस वर्षं तसबिरी मढवणाऱ्या बाईला कोण शिकवणार?

तिने काम ओलं करून फळीवर टाचण्यांनी ताणलं, गुण्या लावून कोपरे सरळ केले, चांगलं तीन दिवस वाळवलं. काच लोकरीला टेकू नये म्हणून कडेने बारीक पट्ट्या घातल्या. चौकट ठोकली. भिंतीवर टांगली.

पावणेचार वाजले असतील.

पाठीमागे आवाज आला...

"हाऽऽ."

चष्मा पुसण्याआधी काचेवर श्वास सोडतात ना, तसा. अक्का दर दहा टाक्यांनी चष्मा काढून अस्साच श्वास सोडायची.

मावशी वळली.

दुकानात कोणी नव्हतं.

पण तसबिरीच्या काचेवर... वाफेचा ठिपका. बशीएवढा. बरोबर खिडकीच्या मधोमध.

तिने फडक्याने पुसला.

गेला नाही.

तो आतून होता.

"ओल राहिली मेली," मावशी करवादली. सगळे खिळे उपसले, लोकर पुन्हा वाळवली. गुरुवारी पुन्हा ठोकलं.

पावणेचार.

"हाऽऽ."

पुन्हा ठिपका. पुन्हा आतून.

शुक्रवारी तिने काच बदलली. पट्ट्या जाड घातल्या. चौकटीची लाकडं खिळ्यांनी चाळण झाली, अंगठा ठेचला, दोन गिऱ्हाइकं तोंड वाकडं करून गेली.

पावणेचारला ठिपका हजर.

शनिवारी सकाळी भाऊजी येऊन बसले.

"झालं का गं?"

"होतंय कसलं? तुमची बायको होऊ देईल तर ना."

ते हसले. मग हसू मावळलं. "काच लावलीस का तू?"

मावशीने ठेचलेला अंगठा पदरात लपवला.

"आयुष्यभर तिचं ऐकलं नाहीस. आता तरी ऐक."

मावशीने मान खाली घातली. पक्कड घेतली, खिळे काढले, काच काढून भिंतीला टेकवून ठेवली. तसबीर तशीच बांधून दिली. भाऊजींनी जाताना लोकरीवरून एकदा हात फिरवला. डोळे पुसत गेले.

रविवारी ते सुखरूप पोहोचले. त्यांच्या घरी आजवर काहीही झालेलं नाही.

इथे गोष्ट संपायला हवी होती.

सोमवारी पावणेचारला दुकानात आवाज आला...

"हाऽऽ."

भिंतीला टेकलेल्या नुसत्या काचेवर ठिपका उठला. भिंतीकडच्या बाजूला. मावशीने काच उलटी करून ठेवली.

ठिपका पुन्हा भिंतीकडच्याच बाजूला.

"अगं, ऐकलं ना तुझं," ती वैतागून म्हणाली. "दिली ना उघडी? आता आणखी काय हवंय?"



ती काच मावशीने कापली नाही, विकली नाही. रोज पावणेचारला हातातलं काम टाकून तिच्यापुढे बसायची. बघता बघता ठिपका लहान होत गेला. बशीचा वाटीएवढा झाला. मग बटणाएवढा. तशी मावशी जास्तच चिडचिडी होत गेली. कुणी विचारलं की म्हणायची, "काही नाही, काम उरकत नाहीये."

काल मी दुकानात होते. समोरच बसले होते.

पावणेचार झाले. मला आवाज ऐकू आला, अगदी स्पष्ट.

काचेवर काहीच उठलं नाही.

मावशीने काच पुढून पाहिली, मागून पाहिली. कोरडी.

"कुठे गेलीस गं आता?" ती म्हणाली. रागाने म्हणाली, पण आवाज कातर झाला होता.

आणि मग...

मावशीच्या डोळ्यांवरचा चष्मा धुरकटला.

दोन्ही भिंगं. आतून.

मी फडकं पुढे केलं. तिने माझा हात बाजूला सारला.

"राहू दे," म्हणाली. "एकदा पुसला होता मी तिचा श्वास."

रात्रभर मला झोप नाही. आज पावणेचारला मी दुकानात गेलेले नाही. मलाही चष्मा आहे.